स्वच्छ नाल्याची लाज

घरात रंगवायला सुताची एक लडीसुद्धा नव्हती. तरी मी सकाळी चूल पेटवली, तपेल्यात पाणी तापवलं, लग्नसराईसाठी जपून ठेवलेला लाल रंग त्यात कालवला आणि दोन्ही हातांनी बादली उचलून नाल्यात ओतली. परत आले, दुसरी भरली, तीही ओतली. लोक सूत रंगवतात, मी नाला रंगवला. कारण एवढंच, की खालच्या अंगाला माझी थोरली जाऊ दारात बसून मशेरी लावत होती आणि तिला तो दिसायला हवा होता.

आमचा जुना कामगार नाना तेवढ्यात आला. तो हातातली दांडी टेकवून उभाच राहिला.

"वहिनी, सूत कोठे शे?"

"सूत नाही."

"मंग रंग कसाले ओती राहिनात?"

मी त्याला म्हटलं, "नाना, तुम्ही चहा घ्या." उत्तर नसलं की मी लोकांना चहा द्यायची. रंगखान्यात माझी तीच ख्याती होती.

हे सगळं धुळ्यातलं, देवपूरच्या अंगाचं, ऐंशीच्या दशकातलं. तेव्हा मी तिशीच्या अलीकडे होते, मॅट्रिक पास होते, आणि जळगावच्या पिंप्राळ्याची असल्यामुळे आपण धुळेकरांपेक्षा दोन बोटं वर आहोत अशी माझी समजूत होती. आज तेव्हाचा फोटो काढून बघते तेव्हा वाटतं, त्या पोरीला कोणीतरी वेळच्या वेळी खाली बसवायला हवं होतं.

ज्यांनी रंगखाना पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मागावर रंगीत लुगडं विणायचं तर आधी सूत रंगवावं लागतं. व्यापारी कोऱ्या सुताच्या लड्या आणून टाकतो. त्या सोडा घालून उकळायच्या, पांढऱ्या करायच्या, मग लाकडी दांड्यांवर टांगून रंगाच्या हौदात खालीवर फिरवायच्या. रंग पक्का बसला की खरं काम सुरू होतं, ते धुण्याचं. सुतानं जो रंग धरला नाही तो सगळा पाण्यात सुटतो. लाल आणि काळा तर धुऊन धुऊन संपत नाहीत. ते पाणी जायचं कुठे? आमच्याकडे नाल्यात, आणि नाल्यातून पांझरा नदीत. तेव्हा त्यात काही चुकीचं आहे असं आमच्याच काय, कोणाच्याच डोक्यात येत नव्हतं. नाल्यावरच्या फरशीवरून, म्हणजे बुटक्या पुलावरून, जाणारे लोक थांबून बघायचे. शाळेतले एक गुरुजी पाहुण्यांना मुद्दाम आणून दाखवायचे, "बघा, आमच्या गावाची भरभराट!" पोरं पैजा लावायची, आज हिरवा येतो की जांभळा.

घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा खालचा रंगखाना थोरल्या दिरांकडे गेला आणि वरचा आमच्याकडे आला. दीर लवकर वारले. तेव्हापासून माझी जाऊ, आम्ही तिला अक्का म्हणायचो, एकटीच रंगखाना चालवत होती. बाई शिकलेली नव्हती, पण दहा हात लांबून हौदात रंग धरायला लागणारं मीठ कमी पडलंय हे ओळखायची. आमच्याकडे 'हे' हौद सांभाळायचे आणि मी गिऱ्हाइकं आणि छटा. नमुना बघून तीच छटा काढणं हे माझं काम, आणि त्यात मी खरंच बरी होते. लोक नमुने काय वाटेल ते आणायचे. कोणी वांग्याची साल, कोणी डाळिंबाचा दाणा. एकानं तर सासऱ्याच्या पगडीची चिंधी आणली होती, सासऱ्याला न विचारता फाडलेली.

पण काम होतं अक्काकडे. का, ते मला कळत नव्हतं, म्हणून तर पोटात दुखत होतं. बाजारात जायला मी फरशीवरून निघाले की आधी रंगाचं पाणी नाल्यात सोडणाऱ्या तिच्या मोरीकडे नजर जायची. सोमवारी लाल. मंगळवारी निळा. बुधवारी पुन्हा लाल, आणि तोही दाट. माझी भाजी घ्यायची इच्छाच मरून जायची. तिच्या नथीचा, तिच्या वेलदोड्याच्या चहाचा, तिच्या मुलाच्या पहिल्या नंबराचा मला हेवा नव्हता असं नाही. पण तिच्या मोरीतल्या पाण्याचा जो हेवा होता त्याला तोड नव्हती. आमचं पाणी वरून तिच्या दारापुढून जायचं, म्हणजे आमच्याकडे काम आहे की नाही हे तिला घरबसल्या दिसत होतं. आणि तिनं ते कधी मनात ठेवलं नाही.

"धाकली, आज तुन्हा नाला भलता साफ दिखस वं!" ती दारातूनच ओरडायची. "त्याना च्या ठेवू का?" म्हणजे त्या पाण्याचा चहा.

स्वच्छ पाण्याची मला इतकी लाज वाटायची की काम नसलेल्या दिवशी मी मागच्या दारानं बाहेर पडायची. शेवटी एका सकाळी ती दोन बादल्यांची करामत केली. लाल लोट खाली गेला, अक्कानं मशेरीची चूळ टाकली, नाल्याकडे पाहिलं, उठली आणि आत गेली. मला वाटलं, जिंकलं! यांना कळलं तेव्हा हे एवढंच म्हणाले, "लग्नसराईचा रंग होता तो." आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचं रागावणं असंच असायचं, आवाज न करता.

गंमत पुढेच आहे. त्याच सकाळी बाजारातले सुताचे एक मोठे शेठजी फरशीवरून चालले होते. व्यापाऱ्याचा हिशेब साधा असतो. ज्याच्या मोरीला रंग, त्याच्याकडे काम. ज्याच्याकडे काम, त्याचा रंग पक्का. आठवड्यात शेठजी आमच्या ओट्यावर हजर.

"भाभीजी, तुमच्याकडे काम जोरात दिसतं. आमच्या मालाला टाइम काढा ना!"

मी म्हटलं, "शेठजी, या आठवड्यात तर जमणार नाही."

मागे उभे असलेले हे खोकायला लागले. मी त्यांना पाणी दिलं.

असा खोट्या रंगानं खरा रंग आणला. शेठजींमागे दुसरे आले. धुळ्यात तेव्हा माग वाढत होते, रात्रपाळ्या सुरू झाल्या होत्या, लोकांच्या अंगावर दोनाची चार लुगडी आली होती. आम्ही हौद वाढवले, माणसं वाढवली. आमच्या घरी फ्रिज आला. अक्कानं लगेच टेलिफोन घेतला. आम्ही टेलिफोन घेतला. तिनं मुलाला स्कूटर घेऊन दिली. नाला आता कधी साफ दिसतच नव्हता. वरून आमचा, खालून तिचा, फरशीपाशी दोन्ही मिसळून एक वेगळाच काळपट चॉकलेटी रंग व्हायचा, जो मागायला कोणतंही गिऱ्हाईक आलं नाही. मी त्याच्याकडे अभिमानानं बघायची.

मग जामनेरकडचे एक भाऊ आले. मागवाले होते, केळीचे मळेही होते. ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांनी एक वस्तू आणली आणि अशी अलगद उघडली की मला वाटलं आत दागिना आहे. निघालं केळीचं कोवळं पान, नुकतंच उलगडलेलं.

"ताई, मुलीच्या लग्नात घरातल्या सगळ्या बायांना हाच पोपटी पाहिजे. असाच. तसूभर इकडेतिकडे नको."

माझ्यासाठी हे डाव्या हातचं काम. रंग काढला, सूत बुडवलं, वाळवलं, तर छटा मळकट. जणू पोपटी रंगावर कोणी राखेचा हात फिरवला होता. पुन्हा काढला. पुन्हा तेच. भाऊ रोज एसटीनं येऊन पान लडीशेजारी धरायचे आणि मान हलवायचे. शेवटच्या खेपेला त्यांनी पान धरलं आणि चेहरा उजळला. "ताई, आता मात्र तंतोतंत जुळलं!" मग स्वतःच पानाकडे नीट बघून म्हणाले, "पण पान वाळलंय हो."

ते काम अक्काकडे गेलं. तिनं पहिल्या खेपेला तो पोपटी काढला, असा की पानच सुतावर पसरलंय. मी फरशीवरून तिच्या दांड्यांवर वाळत घातलेल्या त्या लड्या पाहिल्या आणि त्या दिवशी जेवले नाही.

हात माझाच बिघडला असं मी धरून चालले होते. पण ह्यांनी धुतलेला पांढरा रुमाल आमच्या विहिरीच्या पाण्यात बुडवून वाळत टाकला, आणि संध्याकाळी मला आणून दाखवला. रुमालाला गुलाबीसर करडी झाक होती. नाल्याच्या काठाला लागून आमची विहीर. इतकी वर्षं नाल्यात सोडलेलं पाणी जमिनीतून फिरून तिच्यात उतरलं होतं. गडद रंगात ते लपून जायचं; फिक्या रंगाला मात्र निर्मळ पाणी लागतं, आणि तिथं आमचं पितळ उघडं पडलं. ज्या पाण्यावर धंदा उभा, तेच पाणी धंद्यानं खाल्लं होतं. अक्काची विहीर मात्र नाल्यापासून लांब, तिच्या घराच्या मागे, काळ्या खडकात. गल्लीतल्या बायाही तिथं हंडे भरायच्या. उन्हाळ्यातसुद्धा पाणी असं, की तळापर्यंतच्या पायऱ्या मोजाव्यात.

आता हेव्याला नवं ठिकाण मिळालं. आधी तिच्या रंगीत पाण्यावर जळत होते, आता तिच्या कोऱ्या पाण्यावर जळायला लागले. आम्ही खेड्यातल्या मळ्यांवरून टँकर मागवायचो. टँकर दारात लागला की अक्का डोकवायची. "धाकली, पाहुना उना का?" म्हणजे पाणी पाहुणं होऊन आलंय का.

एव्हाना देवपुरात कॉलन्या उभ्या राहिल्या होत्या. मास्तर, कारकून, बँकेतले लोक. आमच्यासारख्यांच्या धंद्यामुळेच गावात पैसा खेळत होता आणि त्याच पैशातून ती घरं झाली होती. पण आता त्या घरांच्या खिडक्यांना नाल्याचा वास नको होता. पाहुण्यांना भरभराट दाखवणारे तेच गुरुजी अर्जावर सह्या गोळा करत फिरले. प्रदूषण खात्याचे साहेब लोक आले, बाटल्या भरून घेऊन गेले, आणि सगळ्या रंगाऱ्यांना सांगून गेले की पाणी साफ करून सोडा, नाहीतर बंद करा.

सगळे हात चोळत बसले. अक्का बसली नाही. तिनं एकापुढे एक तीन टाक्या बांधल्या. पहिल्या टाकीत चुना आणि तुरटी घालून रंगाचा गाळ खाली बसवायचा, दुसऱ्या टाकीत वाळू-कोळशातून पाणी काढायचं, तिसऱ्यात ते निवळू द्यायचं. बाहेर पडायचं ते पाणी गवती चहासारखं, फिकट पिवळं. गाळाचं पुढे काय करायचं, हे मात्र तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं, आणि कोणी विचारलंही नाही. पण तिच्या मोरीतून नाल्यात रंग येणं थांबलं. शेठजी मुंबईच्या, परदेशात माल धाडणाऱ्या व्यापाऱ्यांना गाडीतून आणून तिच्या टाक्या दाखवायला लागले. ज्या साफ पाण्याच्या लाजेनं मी मान खाली घालत होते, तेच आता तिच्या दारातून मिरवत जात होतं!

टाक्या आम्हालाही बांधता आल्या असत्या. हे म्हणत होते, यंदा घरात नवं काही घेऊ नको, टाक्या बांधू. पण टाक्या बांधायला महिने जातात, आणि शेठजी पुढच्या आठवड्यात मुंबईच्या पाहुण्याला घेऊन आमच्याकडेही येणार होते. मी परसात मोठा खड्डा खणून घेतला. रंगाचं पाणी तिकडे वळवायचं, वर पत्रे टाकायचे.

हे म्हणाले, "अगं, मातीत जाऊन ते जाईल कुठे?"

"मुरेल. मातीत काय दिसतंय कोणाला?"

"विहीर?"

"आपली गेलीच आहे. आता आणखी काय जायचंय तिचं?"

नाना हातातला पत्रा टाकून निघून गेला.

पाहुणे आले त्या दिवशी मी टँकरचं पाणी मोरीतून सोडलं. मुंबईच्या गृहस्थांनी खाली वाकून त्यात बोटं बुडवली, रुमालानं पुसली, आणि रुमाल पांढराच राहिलेला पाहून शेठजींकडे बघून हसले. मला मोठं काम मिळालं, सगळं राणी रंगाचं. भडक गुलाबी, धुवायला लालापेक्षा वाईट. पूर्ण हंगामभर तो रंग आमच्या परसातल्या खड्ड्यात मुरत राहिला, आणि नाला असा स्वच्छ की मी दारात बसून वरून अक्काला ओरडून विचारलं, "अक्का, चहा ठेवता का?" तिनं मान वर केली नाही. मला वाटलं, जळली. काय सुख होतं त्या वेळेस, ते खोटं नाही सांगणार.

एका दुपारी ती वर आली. वाटण्यांनंतर ती सहसा आमच्या उंबऱ्यात यायची नाही. हातात स्टीलचा तांब्या होता. तिनं तो माझ्यापुढे ठेवला. आतलं पाणी फिकट गुलाबी होतं. सुंदर दिसत होतं, हेच वाईट.

"धाकली, तू तं नमुना वळखनारी. हाऊ रंग कोना शे?"

मी ओळखला होता.

"मी रानी रंग करत नही," ती तिच्या विहिरीकडे हात करून म्हणाली. "मन्ही हीरमा हाऊ कसा उना?"

मी चहाचं विचारलं. खरंच विचारलं. जित्या माणसाच्या तोंडून त्या वेळी काय निघावं! यांनी मला हातानं गप्प केलं, तांब्या उचलला, आणि परसात जाऊन खड्ड्यावरचे पत्रे स्वतः बाजूला केले. अक्का काठावर उभी राहून बघत होती. आमच्या परसाचा उतार तिच्या मागच्या अंगालाच होता. काठाकडचं पाणी नाल्यात जायचं. खड्ड्यातलं मात्र थेट तिच्या काळ्या खडकाच्या फटींना लागलं होतं. हे त्या खड्ड्याशेजारी उभं राहिल्यावर शेंबड्या पोराला कळलं असतं. मला मॅट्रिक होऊन कळलं नव्हतं.

गल्लीतल्या बायांनी हंडे भरणं बंद केलं. कोणी आजारी पडलं नाही, हे दैवाचं. पण अक्काचा पोपटी, बदामी, लिंबोळी सगळा मळकट व्हायला लागला. तिच्या पांढऱ्या सुतावर गुलाबी झाक यायची. तीन टाक्या बांधून ती जे पाणी साफ करून नाल्यात सोडायची, ते आता तिच्या विहिरीपेक्षा बरं होतं.

आम्ही खड्डा उपसला, बुजवला, टाक्या बांधल्या, तिच्याहून एक जास्त. पंप लावून तिची विहीर पुन्हा पुन्हा रिकामी केली. दर वेळी भरलेलं पाणी आधीपेक्षा फिकं असायचं, पण कोरं नसायचं. एवढ्या वर्षांच्या धंद्यात मी हे पाहिलं, की पैसा येऊ लागला तेव्हा नाला रंगला, आणखी आला तेव्हा तोच नाला साफ करता आला. विहिरीला मात्र पैशाचं काही पडलेलं नसतं. ती तिच्या वेळेनं निवळते, माणसाच्या वेळेनं नाही.

अक्काचा मुलगा तोवर जळगावला नोकरीला लागला होता. थंडीत तो टेम्पो घेऊन आला. तिच्या तांब्याच्या तपेल्या, दांड्या, वजनाचा काटा, सगळं चढवलं. तिचे कामगार आमच्याकडे आले, तिची गिऱ्हाइकंही. मी त्यांना थांबवलं नाही, हेही सांगते. पुढे रंगखाना आम्ही पुष्कळ वर्षं चालवला, आणि त्या दिवसापासून माझ्या मोरीतून रंगाचा थेंब बाहेर गेला नाही. याचा मला गर्व आहे. पण या गर्वाचं भाडं कोणी भरलं, तेही मी जाणते.

टेम्पो निघायच्या आधी मी खाली गेले. वाटण्यांनंतर तिच्या दारात उभी राहायची माझी ती पहिलीच वेळ. नाला समोरून वाहत होता, आमच्या चार टाक्यांतून आलेला, तळाचे गोटे दिसावेत इतका स्वच्छ. मी वाकून तिच्या पाया पडले. चहाचं विचारण्यासारखं तिथं काही उरलं नव्हतं. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, पदर सावरला, टेम्पोत मुलाच्या शेजारी चढून बसली, आणि वरपासून खालपर्यंत नाल्याकडे हात करत म्हणाली,

"आते बठ्ठा नाला तुन्हाच शे, धाकली. कोनले दखाडशी?"